घटस्फोटानंतरची कागदांची पिशवी

जिथे असाल तिथे, हातातलं काम चालू ठेवूनच ऐका. तव्यावरची भाकरी करपू देऊ नका.

आज आम्ही घटस्फोटावर बोलणार आहोत. घटस्फोट घ्यावा की घेऊ नये, चूक कोणाची होती, याच्यात आम्ही पडणार नाही. ते ज्याचं त्याला ठाऊक. आम्ही बोलणार आहोत निकालानंतरच्या दिवसांवर. कोर्टाच्या तारखा संपतात, वकील फाइल मिटतात, सोबत आलेले नातेवाईक आपापल्या गावी जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांचा डबा करायचाच असतो. त्याच आठवड्यात शाळेतून फॉर्म येतो, रेशन दुकानात अंगठा लावायचा असतो, बँक केवायसी मागते. आणि जवळजवळ प्रत्येक कागदावर एक रकाना असतो: पतीचे नाव.

आम्ही बचत गटांचं काम बघतो. गावोगावी बैठकांना जातो. अशा मैत्रिणी आता बहुतेक गावात एक-दोन तरी भेटतात. त्यांना आम्ही विचारतो, सगळ्यांत जास्त त्रास कशाचा होतो? पैशाचा होतो, एकटेपणाचा होतो, हे सांगतातच. पण एक गोष्ट बहुतेक सगळ्या सांगतात. खिडकीवर उभं राहून सगळी कहाणी सांगावी लागते. आत बसलेला माणूस विचारतो, "नवरा कुठं आहे? का सोडलं? मग आता कुठं राहता?" मागे रांग असते. रांगेत आपल्याच गावची माणसं असतात. संध्याकाळपर्यंत ती कहाणी पारावर पोचलेली असते.

म्हणून आमचं म्हणणं आहे, कागद नीट असले की कहाणी सांगावी लागत नाही. कागद पुढे सरकवायचा, त्याने वाचायचं, काम करायचं. आज आपण ती कागदांची पिशवी भरू या. एकेक कागद घेऊ.

पहिला कागद कोर्टाच्या हुकूमनाम्याचा. कोणी त्याला डिक्री म्हणतं, कोणी निकालाची नक्कल म्हणतं. मोठ्या शहरांत कौटुंबिक न्यायालय असतं, बाकी ठिकाणी दिवाणी न्यायालय वरिष्ठ स्तर. तिथून घटस्फोट मंजूर झाला असं लिहिलेला, सहीशिक्क्याचा कागद आपल्या हातात हवा. वकिलाच्या कपाटात नको. हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम २३ मध्ये लिहिलेलं आहे की घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की त्याची एक प्रत दोन्ही बाजूंना कोर्टाने मोफत द्यायची. ती मागून घ्या. शिवाय कोर्टाच्या नक्कल विभागात फी भरून आणखी दोन प्रमाणित प्रती काढून ठेवा. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्या लागतात. प्रत्येक दाव्याला १६ अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक असतो. तो वहीत लिहून ठेवा. प्रत हरवली तर तोच क्रमांक घेऊन पुन्हा नक्कल मागता येते, दावा शोधत बसावं लागत नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. गावात अजूनही स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी लिहिली जाते. चार पंच बसतात, दोघांच्या सह्या होतात, नोटरीचा शिक्का बसतो, आणि सगळे म्हणतात, झालं, मोकळे झाले. मैत्रिणींनो, स्टॅम्प शंभराचा असो की पाचशेचा, नोटरीच्या शिक्क्याने कोर्टाचा घटस्फोट होत नाही. काही समाजांत काडीमोडीची जुनी रूढी आहे आणि कायदाही अशा रूढीला जागा देतो. पण ती रूढी खरोखर आहे हे वाद झाला तर कोर्टात सिद्ध करावं लागतं. तोपर्यंत सरकारी खिडकीवर त्या कागदाला फारसं कोणी विचारत नाही. आमच्या ओळखीच्या एका मैत्रिणीने असा कागद सहा वर्षं देव्हाऱ्यात जपून ठेवला होता. तिला वाटायचं, आपला घटस्फोट झालाय. अर्ज करायला गेली तेव्हा कळलं की कायद्याने ती अजून त्याची बायकोच आहे. तिला मग पहिल्यापासून कोर्टाची वाट धरावी लागली. ज्यांच्याकडे फक्त असा स्टॅम्प आहे त्यांनी तो फाडू नका, तोही पिशवीत ठेवा. पण वकिलाला दाखवा आणि रीतसर हुकूम घ्या.

वकिलाचे पैसे कुठून आणायचे, असं तुमच्या मनात आलं असेल. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे कोणत्याही बाईला मोफत वकील मागता येतो. तिचं उत्पन्न किती आहे हे बघितलं जात नाही. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, तिथे साध्या कागदावर अर्ज द्यायचा. १५१०० हा विधी सेवेचा मोफत फोन आहे. त्रास, मारहाण, धमकी असेल तर महिलांसाठी १८१ आहे. हे दोन नंबर पिशवीच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

दुसरा कागद पोटगीचा. हा कागद नुसता ठेवून भागत नाही, त्याचा दर महिन्याला हिशोब ठेवावा लागतो. आपण गटात पंचसूत्री पाळतो. त्यातलं पाचवं सूत्र काय? हिशोबाच्या नोंदी. गटाचे दहा रुपये इकडचे तिकडे झाले तरी बैठक उठत नाही. मग स्वतःच्या पोटगीची वही का नको?

एका मैत्रिणीचं सांगतो. तिला महिना ३,००० रुपये पोटगीचा हुकूम झाला. सुरुवातीचे काही महिने पैसे आले. कधी एसटी स्टँडवर रोख, कधी कोणाच्या तरी हाती. मग बंद झाले. आज देईल, उद्या देईल, पोरांचा बाप आहे, असं म्हणत तिने अडीच वर्षं काढली. ३० महिन्यांचे ९०,००० रुपये थकले. ती अर्ज करायला गेली तेव्हा दोन अडचणी आल्या. समोरचा म्हणाला, मी रोख दिले. तिच्याकडे लिहिलेलं काहीच नव्हतं. दुसरी अडचण त्याहून मोठी. फौजदारी कायद्याच्या ज्या कलमाखाली तिला पोटगी मिळाली होती, त्यात वसुलीचा वॉरंट हवा तर रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. म्हणजे त्या वाटेने तिला १२ महिन्यांचे ३६,००० मागता आले. बाकीचे ५४,००० तिथे अडकले. एवढ्या पैशात तिच्या दोन लेकरांच्या शाळेची कितीतरी वर्षं निघाली असती.

पूर्वी हे कलम १२५ होतं. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. त्यात ते कलम १४४ झालं. एक वर्षाची अट तीच राहिली. घटस्फोट झालेल्या आणि पुन्हा लग्न न केलेल्या बाईला या कलमाखाली पोटगी मागता येते. मुस्लिम मैत्रिणींनाही ही वाट बंद नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. हिंदू विवाह कायद्याखाली मिळालेल्या पोटगीची वसुली वेगळ्या रीतीने होते, तिची मुदतही वेगळी असते. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहा: हुकूम कोणत्या कोर्टाचा, तारीख कोणती, कलम कोणतं, रक्कम किती, आपली किती आणि मुलांची किती.

पुढच्या पानांवर चार रकाने आखा. महिना, किती आले, कोणत्या मार्गाने आले, किती बाकी. पैसे खात्यावरच मागा. पासबुकातली नोंद कोणाला खोडता येत नाही. रोख घ्यावेच लागले तर तारीख टाकून पावती लिहा आणि तिची एक प्रत आपल्याकडे ठेवा. तीन महिने सलग पैसे आले नाहीत की वकिलाला किंवा विधी सेवा समितीला जाऊन भेटा. सण येतोय, पोराची परीक्षा आहे, म्हणून पुढे ढकलू नका. आणि संमतीच्या घटस्फोटात काहीजणी स्वतःची पोटगी सोडून देतात. आपण आपली सोडली म्हणून पोरांचा हक्क संपत नाही. तो त्यांचा आहे, तो सोडून द्यायचा अधिकार आपल्यालाही नाही.

तिसरी गोष्ट कागदापेक्षा मोबाइलची आहे. आधारला, बँकेला, गॅसला कोणाचा मोबाइल नंबर जोडलेला आहे? लग्नानंतर काढलेल्या कितीतरी खात्यांना नवऱ्याचा नंबर असतो, कारण तेव्हा घरात एकच फोन होता. एका गटातल्या मैत्रिणीचं कर्ज मंजूर झालं, पैसे खात्यावर पडले, आणि त्याचा मेसेज गेला जुन्या नवऱ्याच्या फोनवर. संध्याकाळी त्याचाच फोन आला, "पैसे आले वाटतं?" तिच्या पोटात गोळा आला. पैसे कुठे गेले नाहीत, पण आपल्या घरात काय चाललंय ते त्याला रोज कळत होतं. म्हणून निकालानंतर पहिल्या आठवड्यात आपल्या नावाचं सिमकार्ड घ्या. आधार केंद्रात जाऊन तो नंबर आधारला जोडा. मग बँकेत तो बदला. दोघांच्या नावाचं खातं असेल तर ते बंद करायचा अर्ज द्या. एटीएमचा पिन बदला. ओटीपी हा घराच्या किल्लीसारखा आहे, तो आपल्याच हातात यायला हवा.

आता नावाचा प्रश्न. माहेरचं नाव लावायचं की सासरचं ठेवायचं? कायद्याने सक्ती नाही. काहीजणींना सासरचं आडनाव नकोसं होतं. काहीजणी म्हणतात, पोरांचं आणि माझं आडनाव एक असू दे, शाळेत प्रश्न नकोत. दोन्ही बरोबर. आमचं सांगणं एवढंच की एकदा ठरवलं की सगळीकडे तेच नाव ठेवा. आधारवर एक, पासबुकावर दुसरं, रेशन कार्डावर तिसरं असं झालं की प्रत्येक अर्ज परत येतो. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून विचार करून बदला. नाव बदलायचं असेल तर शासनाच्या राजपत्रात नोंद करून घेतलेली बरी. आधारच्या पत्त्यात नवऱ्याचं नाव असायलाच पाहिजे असं नाही. तिथे वडिलांचं नाव घालता येतं किंवा तो रकाना मोकळाही ठेवता येतो.

आणि लग्नाचा दाखला फेकू नका. राग येतो, तो कागद डोळ्यासमोर नको वाटतो, हे आम्हाला कळतं. पण माहेरच्या नावाची मुलगी आणि सासरच्या नावाची बाई ही एकच आहे, हे दाखवणारा पूल तोच असतो. दहावीची गुणपत्रिका एका नावाची, बँक खातं दुसऱ्या नावाचं. मध्ये लग्नाचा दाखला आणि घटस्फोटाचा हुकूम, असे चारही कागद एकामागे एक लावले की कोणाला काही सांगावं लागत नाही.

रेशन कार्डाचं काम मात्र लांबवू नका. जुन्या कार्डातून आपलं आणि मुलांचं नाव कमी झाल्याशिवाय नव्या कार्डावर चढत नाही. आपण माहेरी आलो आणि नाव सासरच्या कार्डावर राहिलं, तर आपल्या वाट्याचं धान्य तिकडे निघतं किंवा वाया जातं. प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. आई आणि दोन लेकरं म्हणजे १५ किलो. तहसील कार्यालयात पुरवठा शाखेत हुकूमनाम्याची प्रत जोडून अर्ज द्या, पोच घ्या. नाव भावाच्या कार्डावर घालायचं की वेगळं कार्ड मागायचं, हे घरात बसून ठरवा. वेगळी चूल असेल तर वेगळं कार्ड मागा. अन्न सुरक्षा कायदा २०१३ प्रमाणे घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी बाई ही कुटुंबप्रमुख धरायची असते. त्या कार्डावर आपलं नाव पहिलं येतं, मैत्रिणींनो. पतीचं नाव पहिल्या ओळीत नसलं तरी कार्ड होतं.

पाचवी गोष्ट नॉमिनीची, म्हणजे वारसाच्या नोंदीची. एका गटात आम्ही एक दिवस सगळ्यांना विम्याचे आणि खात्याचे कागद घेऊन बोलावलं. जीवनज्योती विमा, वर्षाला ४३६ रुपये. सुरक्षा विमा, वर्षाला २० रुपये. दोन्ही दोन-दोन लाखांचे. त्या बैठकीत एका मैत्रिणीचे कागद उघडले तर घटस्फोटाला तीन वर्षं झाली होती आणि नॉमिनी अजून तोच. हप्ता कापला जात होता तिच्या शेळ्यांच्या पैशातून. तिचं काही बरंवाईट झालं असतं तर अर्जावर नाव त्याचं होतं. घटस्फोट झाला म्हणून ते नाव आपोआप जात नाही. आपण अर्ज देऊन बदलावं लागतं. बँक, पोस्ट, विमा, आणि आपल्या गटाचं सदस्य रजिस्टर, या चारही ठिकाणी पाहा. लेकरू लहान असेल तर त्याचं नाव घालून सोबत विश्वासातल्या मोठ्या माणसाचं नाव द्यावं लागतं. त्या दिवशी तिने तिथेच बसून फॉर्म भरला. आईचं नाव घातलं.

आता लेकरांचं. त्यांच्यासाठी पिशवीत वेगळा कप्पा करा. जन्माचा दाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड, शाळेच्या दाखल्याची प्रत, आणि ताब्याचा हुकूम. मुलं कोणाकडे राहतील आणि दुसऱ्या पालकाला कधी भेटतील, हे कोर्टाने लिहून दिलेलं असतं. तो कागद शाळेत मुख्याध्यापकांना एकदा दाखवून ठेवा, म्हणजे शाळा सुटताना लेकरू कोणाबरोबर जाईल याचा घोळ होत नाही. आधारचे ठसे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी पुन्हा द्यायचे असतात, ते विसरू नका. मुलीचं सुकन्या खातं असेल तर पासबुकावर पालक म्हणून कोणाचं नाव आहे ते पाहून घ्या.

सगळ्यांत अवघड जातो तो जातीचा दाखला. जातीचा दाखला आणि पुढे पडताळणी यासाठी बापाकडचे कागद मागतात. बापाचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांचा दाखला, जुनी नोंद. बोलणं बंद झाल्यावर ते कागद मिळवणं किती जड जातं, हे दहावी-बारावीच्या लेकरांच्या आयांना विचारा. म्हणून ज्यांचा दावा अजून चालू आहे त्यांना आम्ही सांगतो, तडजोडीच्या बोलण्यात भांडी-कुंडी, दागिने यांच्याबरोबर या कागदांच्या प्रतीही मागा. कोर्टापुढच्या तडजोडीत तसं लिहून घ्या. भांड्यांपेक्षा हे कागद लेकरांना जास्त दिवस पुरतील.

शाळेतल्या 'वडिलांची सही' या रकान्याने घाबरू नका. पालक म्हणून आई सही करू शकते. आईही मुलाची नैसर्गिक पालक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच मान्य केलं आहे. आणि आपल्या राज्यात तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात आधी बाळाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि आडनाव, असा क्रम आला आहे.

कागदाबरोबर थोडं घरातलंही बोलू. सुट्टीत लेकरू बापाकडे जातं, चार दिवसांनी परत येतं. आलं की आपण विचारतो, "तिकडं काय म्हणाले? घरात कोण होतं? पैशाचं काही बोलले का?" ते लेकरू आपल्या ताटावर बसून तिकडची साक्ष देतं. तिकडे गेल्यावर इकडची देतं. पोटगी थकली असेल तर तो निरोप पोरांच्या तोंडी पाठवू नका. त्यासाठी वही आहे, वकील आहे, कोर्ट आहे. लेकराला विचारायचं ते एवढंच, जेवलास का, खेळलास का. भेटीच्या तारखा मात्र वहीत लिहा. कधी गेलं, कधी आलं, ठरलेल्या दिवशी न्यायला कोणी आलंच नाही तर तेही. पुढे कधी ताब्याचा वाद निघाला, तर कोर्ट तो हुकूम पुन्हा तपासू शकतं, तेव्हा ही पानं बोलतात.

माहेरचंही असंच असतं. पहिले काही महिने सगळे जीव लावतात. मग वहिनीच्या चेहऱ्यावर एखादी आठी दिसते. तिचंही चुकत नाही, तिच्या चुलीवर तीन माणसं वाढलेली असतात. आपण काय आणतो, काय देतो, ते मोकळेपणाने बोलून घेतलेलं चांगलं. लाइटबिल अर्धं आपण भरू, दळण आपण आणू, असं काहीतरी. पण घरातला गोडवा टिकावा म्हणून जमिनीच्या कागदावर घाईने सही करू नका. घटस्फोट झाला तरी आपण त्या घरची लेक असतो. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत हिंदू कुटुंबातल्या लेकीचा हक्क लेकाइतकाच आहे. भाऊ म्हणेल, नुसती सही आहे. त्या कागदाचं नाव हक्कसोड पत्र असू शकतं. वाचून घ्या, दुसऱ्याकडून वाचून घ्या, मग ठरवा. आणि सासरकडच्या जमिनीत घटस्फोटानंतर आपण वारस राहत नाही, पण पोरं बापाची वारस राहतातच. तिकडच्या सातबाऱ्याचा उताराही लेकरांच्या कप्प्यात ठेवा.

आता योजना. संजय गांधी निराधार योजनेत घटस्फोट झालेल्या पण पोटगी न मिळणाऱ्या बायांना अर्ज करता येतो. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं लागतं, राज्यात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो, महिना १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात. नंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. एक पालक असलेल्या लेकरांसाठी बालसंगोपन योजना आहे, तिची चौकशी जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करा. शाळेत आरटीईच्या २५ टक्के जागांवर प्रवेश घेताना घटस्फोटित आईकडून कोर्टाचा निर्णय मागतात. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी २०२५ मध्ये आली, तेव्हा नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार मागितला गेला. ज्यांचे वडील नाहीत आणि घटस्फोट झालाय, अशा मैत्रिणींची धांदल उडाली. नंतर अशा बायांनी कागदाची प्रत अंगणवाडी ताईकडे द्यावी असं ठरलं. ज्यांच्या पिशवीत हुकूमनामा होता त्यांनी दुसऱ्या दिवशी झेरॉक्स नेऊन दिली. ज्यांचा कागद वकिलाकडे होता, त्या तालुक्याला फेऱ्या मारत राहिल्या.

पिशवी कशी ठेवायची ते सांगतो आणि थांबतो. चेनची पिशवी किंवा प्लॅस्टिकची फाइल घ्या. मूळ कागद एकात, झेरॉक्स दुसऱ्यात. मूळ कागद खिडकीवर फक्त दाखवायचा, हातात द्यायची ती झेरॉक्स. लॅमिनेशन करू नका, मागचा शिक्का वाचता येत नाही आणि कागद बाहेर निघत नाही. पत्र्याच्या घरात पावसाळ्यात गळतं, म्हणून पिशवी धान्याच्या कोठीजवळ नको, उंच ठेवा. प्रत्येक अर्जाची पोच घ्या. त्यावर तारीख आणि शिक्का हवा. सगळ्या कागदांचे फोटो फोनमध्ये ठेवा. आणि झेरॉक्सचा एक संच घराबाहेर ठेवा, विश्वासातल्या मैत्रिणीकडे.

काही बाया म्हणतात, घटस्फोटाचा कागद घरात ठेवणं अशुभ असतं. आमच्या बैठकीत यावर चांगलाच वाद झाला. एक म्हातारी मावशी होत्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या. त्या म्हणाल्या, "कर्ज फिटल्याची पावती आपण ठेवतोच की. सावकार पुन्हा दारात आला तर दाखवायला." त्यावर कोणी काही बोललं नाही.

गटांना एक विनंती आहे. आपल्यात अशी मैत्रीण असेल तर तिला एकटीला तहसीलला पाठवू नका. एकजण सोबत जा. बोलायची गरज नाही, शेजारी उभं राहिलं तरी खिडकीतला माणूस जरा नीट बोलतो. तिचे कागद वाचायला मिळाले तर ते तिथेच विसरा, विहिरीवर बोलू नका. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिलाही बोलावा, वाण द्या.

आणि या महिन्यात प्रत्येक गटाने एक काम करा. बैठकीचा एक तास कागदांसाठी ठेवा. फक्त घटस्फोट झालेल्यांसाठी नाही. ज्यांचा संसार सुखाचा चाललाय त्यांनीही आपला मोबाइल नंबर कुठे जोडलाय, नॉमिनी कोण आहे, रेशन कार्ड कुठे आहे, हे पाहून घ्या. बैठकीला येताना पासबुक, विम्याचा कागद आणि आधार घेऊन या. कोणाला काही अडलं तर गटाच्या सचिवाकडे लिहून द्या, पुढच्या बोलण्यात आम्ही त्याची उत्तरं देऊ.

नमस्कार. काळजी घ्या.